माडीच्या सहलीचे फोटो

मेलेल्या माणसाच्या फोटोत उघडे डोळे रंगवायचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. हे ऐकलं की बायका तोंडाला पदर लावतात आणि मग हळूच विचारतात, "पण करायचात कसं हो?" म्हणून आधी तेच सांगून टाकते.

म्हसळ्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आमचे हे काढत. आतल्या खोलीत खिडकीशी बसून ते दुरुस्त करायचं काम माझं. त्या काळी गावातला माणूस जन्मात एखादाच फोटो काढून घेई, तोही घेतला तर. तो गेला की घरच्यांच्या लक्षात येई, भिंतीवर लावायला काही नाही. मग यांना कॅमेरा घेऊन मयताच्या घरी बोलावणं येई. मयताला ओटीवर खुर्चीत बसवत, मागून कुणीतरी मान धरी, आणि हे फोटो काढत. मागचे हात पुसायचे आणि मिटल्या पापण्यांवर डोळे काढायचे, हे माझ्याकडे. त्यासाठी मुलाला किंवा भावाला समोर बसवायचं आणि त्याचे बघून काढायचे. घराण्याचे डोळे बहुधा सारखे असतात. नसले तरी तक्रार करायला मूळ मालक येत नाही.

दुसरी वाट म्हणजे घरात कुठे गटाचा फोटो सापडतो का ते बघायचं आणि त्यातून आपला माणूस वेगळा काढून मोठा करून घ्यायचा. गवंडी, लाकूड चिरणारे करवती, गाडीवान अशा कष्टकऱ्यांच्या घरांत असे फोटो निघत ते बहुतेक एकाच जातीचे. माडीच्या दुकानाच्या सहलीचे.

दारूबंदी येण्याआधी आमच्या भागात गावोगाव माडीची दुकानं होती. काही दुकानदार दिवाळीनंतर सर्व्हिस मोटार ठरवून रोजच्या गिऱ्हाइकांना सहलीला नेत. सहल देवाचीच असे, म्हणजे घरून कुणी अडवत नसे. चौलच्या दत्ताला, नाहीतर हरिहरेश्वरला. मोटारीच्या टपावर माडीची मडकी, आत माणसं. एखाद्याकडे बॉक्स कॅमेरा असला तर तिथे फोटो निघे, आणि पुढे त्यांतल्या कित्येकांचा तो एकुलता एक फोटो ठरे.

असा फोटो हातात आला की पहिलं काम ओळख पटवणं. चेहरे मिऱ्याएवढे, वरून टोप्यांची सावली. घरची माणसंही खात्रीने चुकत. दोघे भाऊ एकदा माझ्या टेबलाशी भांडले. थोरला म्हणे बाप डावीकडचा, धाकटा म्हणे मधला. मेंदडीकडची एक म्हातारी आली, तिला मी भिंग दिलं आणि विचारलं, यातले तुमचे कोण?

"मी कदी तोंड बघितलंय त्यांचं?" ती म्हणाली. "वाढताना पाय दिसायचे तेवढे. पाय दाव."

पुढची रांग उकिडवी बसलेली होती. म्हातारीने एकेकाचे पाय बघितले आणि एका वाकड्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हा आमचा. आता वरचं तोंड कसं व्हतं ते तू काढशील तसं."

माणसासारखी जागाही ओळखावी लागे. जागा कळली की सहल कुठली ते कळतं, आणि सहल कळली की त्या मोटारीत कोण कोण होतं हे विचारता येतं. चौलच्या फोटोत डोंगराच्या पायऱ्या येतात. रेवदंड्याला मागे किल्ल्याचा तट आणि पुढे वाळू. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, अगदी समुद्रालगत, काळा कातळ आहे. लाटांनी त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. यात्रेच्या दिवसांत हे तिथे फोटो काढायला जात, मीही बरोबर असे. तो कातळ मी झोपेतही ओळखला असता.

ओळख पटली की फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, निगेटिव्हवर शेजाऱ्यांचे खांदे लाल रंगाने झाकायचे म्हणजे ते छापून येत नाहीत, हातातला पेला पुसायचा. पेला पुसला की मूठ रिकामी राही आणि विचित्र दिसे. मग तिच्यात फूल द्यायचं. म्हसळ्याच्या कितीतरी ओट्यांवर आज हातात गुलाब घेतलेले करवती आणि गवंडी आहेत, ते माझे. ज्या हाताने जन्मभर करवत ओढली त्याच्यात गुलाब बरा दिसत नाही, हे तेव्हाही कळत होतं. पण लोकांना तेच हवं होतं.

आता जी हकिगत सांगायला बसले ती सांगते.

आमच्याकडे पारू नावाची बाई धुण्याभांड्याला होती. जवळच्या वाडीतली. तिचा नवरा धर्मा करवती. दारूबंदीच्या आदल्या दिवाळीनंतर गणूशेटच्या माडीच्या दुकानाची सहल हरिहरेश्वरला गेली, तिच्यात धर्मा गेला आणि परत आला नाही. बाकीच्या मंडळींनी वाडीत येऊन सांगितलं, "तो जातानाच श्रीवर्धनला उतरला. म्हणाला, बोटीनं मुंबईला जातो. आमी लय अडवला." श्रीवर्धनहून तेव्हा मुंबईची आगबोट होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. वर्षाच्या आत गणूशेटने आणखी खबर आणली, धर्मा लालबागला दिसला, बाई ठेवली आहे.

तेव्हापासून पारू ना धड सवाशीण ना विधवा. कुंकू लावायची, पण हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बायका कुजबुजत. सासू रोज ऐकवी, "तुज्या तोंडाला कंटाळून गेला माजा पोर." पारूही काही ऐकून घेणारी नव्हती. भांडी घासताना नवऱ्याला अशा शिव्या घाली की मला स्टुडिओतलं गिऱ्हाईक बाहेर बसवावं लागे. हे सगळं चाललं असतं तसंच. पण मुलगी लग्नाला आली. दोन स्थळं बघून गेली आणि दोन्हींकडून एकच निरोप आला, बाप दुसरी बाई घेऊन पळालेला, तसल्या घरची पोर नको. तिसरं स्थळ बोर्लीचं होतं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती. त्यांनी एवढंच कळवलं की बापाचं काय ते नक्की सांगा.

तेवढ्यात बाबू गवंडी वारला. त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, तो बापाच्या दिवसांसाठी आलेला. एक सहलीचा फोटो घेऊन आमच्याकडे आला.

"बाची पेटी उघडली, तळाला फडक्यात गुंडाळलेला मिळाला," तो म्हणाला. "मागच्या रांगेत हा बा. बाराव्याला पायजे, वैनी. जमंल?"

म्हटलं जमेल. फोटो टेबलावर टाचला आणि जेवायला उठले. परत आले तर पारू टेबलापाशी उभी. हातात केरसुणी तशीच.

"वैनी, हा आमचा."

मी भिंग दिलं. बाबूच्या शेजारी एक उंच माणूस होता, पण टोपीची सावली नाकापर्यंत आलेली. चेहऱ्यावरून तर मी काहीच सांगितलं नसतं.

"कशावरून म्हणतेस?"

"सदरा. उजवीकडे खिसा हाय, बघा. तो डावरा. डाव्या हातानं बिडी काडायचा, म्हणून मी शिंप्याला सांगून खिसा उजवीकडे लावून घेतला. शिंपी हसत व्हता."

आमच्या धंद्यात अशा वेळी लगेच मान डोलवायची नसते. फोटो उलटा छापला गेला तर डावं ते उजवं होतं. मी बाकीच्यांचे सदरे बघितले. त्यांचे खिसे डावीकडेच होते. फोटो सुलटा होता.

"सदरा कधी शिवलास?"

"त्याच दिवाळीला. एकदाच घातला त्यानं, सहलीला जाताना."

मग मी जागा बघितली. माणसांच्या मागे काळा कातळ, पोळ्यासारखी भोकं. डाव्या कोपऱ्यात फुटलेल्या लाटेचा पांढरा पट्टा. मी भिंग खाली ठेवलं. सहल श्रीवर्धनवरून पुढे हरिहरेश्वरला जाते. जो जातानाच श्रीवर्धनला उतरला, तो हरिहरेश्वरच्या कातळावर कसा उभा राहील?

हे मी तिला जसं आहे तसं सांगितलं. गोल बोलून काही उपयोग नव्हता. ती खाली बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "म्हंजी तो गेलाच न्हाय मुंबईला?"

"ते फोटोवरून कळत नाही. तिथपर्यंत गेला होता, एवढं कळतं. पुढचं यातल्या माणसांना विचारायला हवं."

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आपण फोटोवाले. लोकांच्या भानगडीत कशाला पडायचं? उद्या गणूशेट आपल्या दारात येईल."

"येणार नाही. मीच जाणार आहे त्याच्याकडे," मी म्हटलं.

दारूबंदी आल्यापासून गणूशेटने माडीचं दुकान बंद करून त्याच जागी चहाचं हॉटेल काढलं होतं. बाकं तीच, गिऱ्हाइकंही बरीचशी तीच, फक्त ती आता लवकर घरी जात. दुपारच्या निवांत वेळेला आम्ही दोघी गेलो. मी फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"कुठला हो हा, गणूशेट?"

त्याने लांबूनच बघितलं. "हा? हा रेवदंड्याचा. चौलला गेल्तो त्या सालचा."

"रेवदंड्याला असा कातळ कुठे आहे?"

"आसंल की वैनी. इतक्या वरसांचं कोण ध्यानात ठेवतंय?"

"सदरा ध्यानात ठेवलाय हिने."

गणूशेटने फोटो उचलला आणि मागे फिरवून बघितला, जणू तिथे काही सुटका लिहिलेली असेल. मग विचारलं, "कुणाकडं मिळाला?"

"बाबू गवंड्याच्या पेटीत."

तो धपकन बाकावर बसला. "सगल्यांनी जाळले," तो म्हणाला. "माजा मेव्हणा मुंबईचा, त्याचा कॅमेरा. त्यानं येडझव्यानं सगल्यांना एकेक पाठवला. मी घरोघर जाऊन सांगितलं, चुलीत घाला. बाबू माज्यासमोर व्हय म्हणाला."

"मग घातला का नाही?"

"त्याचा तेवढाच फोटो व्हता ना."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. सकाळी गाडीतच मडकी उघडली होती. देवळात पोचले तेव्हा भरती चढत होती. गुरव म्हणाला, आता प्रदक्षिणेला खाली उतरू नका, पाणी वाटेवर येतं. मंडळींनी त्याची थट्टा केली. कातळावर उभं राहून फोटो काढला. फोटो झाल्यावर धर्मा खालच्या बाजूने पुढे निघाला आणि एका लाटेने त्याला आत नेलं. एकदा डोकं दिसलं, मग दिसलं नाही. ते वाट बघत कातळावर बसून राहिले. प्रेत काही लागलं नाही.

"मग पोलिसात का नाही गेलात?"

"पिऊन प्रदक्षिणा केलेली, वैनी. देवाच्या वाटेवर माणूस घालवला. नबाबाचं राज्य जाऊन नवीन पोलीस आलेले, सगल्यांना आत टाकला असता. दुकानाचा परवाना गेला असता. मंग नारळावर हात ठेवला सगल्यांनी, कुणी बोलायचं न्हाय म्हणून. ड्रायव्हर हसनमियाँला कुराणाची शपथ घातली. तो पुढं आफ्रिकेला गेला, सुटला. आमी हितंच."

पारू तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"बुडला ते बुडला. ती लालबागची बाई कुणी काडली?"

गणूशेटने फोटो बाकावर पालथा ठेवला.

"गणूभाव, मी काय विचारते?"

"मीच," तो म्हणाला. "लोक विचारायचे, त्याचं पत्र का येत न्हाय, पैसे का पाठवत न्हाय. कायतरी सांगाय लागायचं."

"माज्या पोरीची दोन स्थळं गेली त्या बाईपायी. आनि मी," ती थांबली, "मी इतकी वरसं मेलेल्याला शिव्या घातल्या."

हॉटेलात एक गिऱ्हाईक आलं म्हणून आम्ही उठलो.

शास्त्र असं आहे की माणूस नाहीसा झाला आणि मेल्याचं कळलं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर त्याचे दिवस करता येत नाहीत. बारा वर्षं भरायला अजून पुष्कळ बाकी होतं. पण मेला हे बघणारा कुणी पुढे आला, तर प्रेत नसतानाही क्रिया करता येते. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्यालाच अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याला. भटजींना मी फोटो दाखवला. ते म्हणाले, "फोटो कातळ दाखवतो, मरण दाखवत नाही. बघितलेल्याने माझ्यासमोर सांगायला हवं."

गणूशेट आधी नाही म्हणाला. शपथ मोडेल म्हणाला. पारू त्याच्या हॉटेलच्या पायरीवर जाऊन बसली. भांडली नाही, ओरडली नाही. येणारा-जाणारा विचारी, "पारू, हितं काय करतेस?" आणि ती सांगे, "गणूभावची वाट बघते." दुसऱ्या दिवशी दुपारी तो भटजींकडे गेला. फोटोतले जे हयात होते त्यांनाही घेऊन गेला.

विधी हरिहरेश्वरलाच करायचा, हे पारूने ठरवलं. आम्ही एस.टी.ने गेलो. पारू, तिची मुलगी, दीर, मी, भटजी आणि ती मंडळी. सासू आली नाही. मंडळी मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती, पुढे जागा असूनही.

समुद्राकाठी भटजींनी दर्भाचा माणूस बांधला. डोक्याच्या जागी नारळ, अंगाला पळसाची पानं. लहान मुलाएवढा झाला. बांबूच्या तिरडीवर ठेवला तेव्हा भटजी म्हणाले, "दिराने हातात धरून नेला तरी चालेल. भार काहीच नाही."

"न्हाय," पारू म्हणाली. "खांदा ह्यांनी द्यायचा. त्यांच्यासंगती आलेला तो."

चौघांनी तिरडी उचलली. गणूशेट पुढे होता. ती वाऱ्यानेच हलत होती, इतकी हलकी. चौघे मोठी माणसं, पण पाय वाळूत ओढत चालले. दिराने अग्नी दिला. दर्भ भुरकन जळून गेला, बघता बघता. नारळ तेवढा फुटायला वेळ लागला. पारूने बांगड्या दगडावर स्वतःच फोडल्या, मला हात लावू दिला नाही. कुंकू समुद्राच्या पाण्याने पुसलं. मुलगी माझा पदर धरून उभी होती. तिला मी रडू नकोस म्हटलं नाही. तिचा बाप आत्ताच तर मेला होता.

मी खूप मेलेल्यांचे डोळे उघडले, पण माणूस इतक्या वर्षांनी मरताना एकदाच बघितला. बघून बरं वाटलं असं नाही. फोटो पेटीच्या तळाशी आणखी काही वर्षं राहिला असता तर त्या मुलीचं काय झालं असतं, हाच विचार डोक्यात होता. आणि त्या मंडळींतला एकही जण आपण होऊन कधी बोलला नसता, हा.

परतताना गाडी श्रीवर्धनच्या स्टँडवर थांबली. ओल्या धोतरांतली माणसं बघून चहावाला खिडकीशी आला. गणूशेटच्या ओळखीचा होता.

"काय गणूशेट, कुणाचं झालं?"

गणूशेटने पारूकडे बघितलं. पारू पुढच्या बाकावर होती, मोकळ्या कपाळाची. ती मागे वळली नाही.

"सांग," ती म्हणाली. "हितंच उतरवलास ना त्याला? हितंच सांग."

"धर्मा करवत्याचं," गणूशेट पुटपुटला. "हरिहरेश्वरला बुडाला तो. तवाच. आमच्यासमोर."

चहावाल्याने कानामागे हात धरला. "काय म्हणता? आयकू न्हाय आलं."

गाडीतले बाकीचे उतारूही आता बघायला लागले होते. बोर्लीकडचे दोघे-तिघे त्यांत होते.

"मोठ्यानं," पारू म्हणाली.